हिरड्यांतील रक्त, साखर आणि मशेरी : दातांच्या रोजच्या काळजीचा शरीराशी संबंध

धागाकर्ती : तांबडी पायवाट, गुहागर

आपल्याकडे मधुमेहाचा रुग्ण ठरावीक काळाने रक्त तपासून घेतो, डोळ्यांचा पडदा दाखवतो, पायाला जखम नाही ना ते पाहतो. मात्र हिरड्यांतून रक्त येते का, हे त्याला बहुधा कोणी विचारत नाही आणि तोही आपण होऊन सांगत नाही. दात घासताना थुंकीत रक्त दिसले की अंगात उष्णता वाढली असे म्हणून कोकम सरबत पिऊन विषय मिटवला जातो. मी वैद्यकीय व्यावसायिक नाही, पण घरात मधुमेह असल्यामुळे या विषयावर बरेच वाचन झाले आहे. त्यातले काय पक्के आहे, काय अजून सिद्ध व्हायचे आहे आणि आपल्या किनारपट्टीवरच्या सवयी त्यात कुठे बसतात, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढते आहे.

दात घासल्यानंतर काही तासांतच त्यांच्यावर जिवाणूंचा मऊ, चिकट थर पुन्हा बसू लागतो. हॉलंडच्या लेव्हेनहूकने १६८३ साली स्वतःच्या दातांवरचा हाच थर भिंगाखाली धरला, तेव्हा त्याला त्यात हालचाल करणारे जीव दिसले होते. हा थर रोज निघाला नाही तर लाळेतील खनिजे त्यात साचतात आणि त्याचे टणक कीटण होते. कीटण ब्रशने निघत नाही. त्याच्या कडेने हिरडी सुजते, दातापासून सुटते, मध्ये खाच तयार होते आणि त्या खाचेत जिवाणू वर्षानुवर्षे सुखाने राहतात. पुढे दात धरून ठेवणारे हाड झिजू लागते. हे सगळे फारशा वेदनेशिवाय घडते, त्यामुळे दात हलू लागेपर्यंत माणूस दवाखान्याची पायरी चढत नाही.

हिरड्यांची ही जुनाट सूज तोंडापुरती राहत नाही. सुजेतून तयार होणारी रसायने रक्तात उतरतात आणि इन्सुलिनच्या कामात अडथळा आणतात, म्हणून साखर आवरेनाशी होते. उलट साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशींची जिवाणूंशी लढण्याची ताकद घटते, तोंड कोरडे पडते, जखमा उशिरा भरतात आणि हिरड्यांचा आजार बळावतो. म्हणजे दोन्ही आजार एकमेकांना खतपाणी घालतात. हिरड्यांवर नीट उपचार केल्यानंतर तीन-चार महिन्यांनी एचबीए१सीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा सरासरी सुमारे ०.४ टक्क्याने उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. हा फरक फार मोठा नाही, पण औषधाची नवी गोळी न वाढवता मिळणारा आहे.

हृदयविकाराबद्दल मात्र जपून बोलायला हवे. हिरड्यांचा आजार असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो हे खरे. परंतु तंबाखू, मधुमेह आणि वाढते वय ही दोन्ही आजारांची सामाईक कारणे आहेत. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१२ साली उपलब्ध पुरावा तपासून असे स्पष्ट केले की दोहोंत संबंध दिसतो, मात्र हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकार टळतो याचा पुरावा नाही. ‘दात स्वच्छ ठेवा, हार्ट अटॅक टाळा’ असे संदेश कौटुंबिक गटांवर सकाळ-संध्याकाळ फिरतात, त्यांच्याविषयी माझे मत यामुळेच फारसे चांगले नाही. अतिरेकाचा इतिहासही आहे. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्यांनी १९१० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तोंडातील संसर्गाला अनेक आजारांचे मूळ ठरवणारे भाषण केले. त्यानंतर काही दशके संधिवातापासून मानसिक आजारांपर्यंत कशावरही उपाय म्हणून लोकांचे दात सरसकट उपटले गेले, आणि त्याचा बहुतेकांना काडीचाही उपयोग झाला नाही.

आता आपल्याकडच्या सवयी. दिवसातून अनेकदा होणारा गोड चहा आणि त्यासोबतची खारी, दातांना चिकटून राहणारी फणसपोळी आणि आंबापोळी, जेवणानंतरची सुपारी, आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे मशेरी, अर्थात दातांना लावायची भाजलेली तंबाखू. गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले याला दातांच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. गोड तोंडात गेल्यावर काही मिनिटांतच जिवाणू त्याचे आम्ल करतात, दातांवरच्या थरातील आम्लता दाताचे कवच विरघळू लागेल इतकी वाढते आणि लाळेला ती पूर्ववत करायला साधारण अर्धा ते एक तास लागतो. गणपतीत आपण आरतीच्या निमित्ताने वाडीतल्या घराघरांत जातो आणि प्रत्येक घरी प्रसादाचा तुकडा तोंडात टाकतो. त्या संध्याकाळी लाळेला सावरायला उसंतच मिळत नाही. तोच प्रसाद घरी आणून जेवणाबरोबर खाल्ला तर दातांना तो एकाच वेळी सोसावा लागतो.

जाणकारांनी भर घालावी, चुकले असेल तिथे सांगावे.

केळशीची माहेरवाशीण :

मशेरीचा उल्लेख केलात हे बरे झाले, कारण दातांच्या काळजीवर लिहिणारे बहुतेक लोक शहरातले असल्यामुळे त्यांच्या लेखांत ती कधीच येत नाही. आमच्याकडे तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजतात, हाताने चुरून डबीत भरतात आणि सकाळी बोटाने दात घासण्यापासून तिची सुरुवात होते. सुरुवात म्हणण्याचे कारण असे की ती सकाळपुरती राहतच नाही. दुपारी भांडी झाली की पुन्हा, शेतावरून आल्यावर पुन्हा, झोपण्यापूर्वी पुन्हा. सिगारेट ओढणाऱ्या पुरुषाला सगळे व्यसनी म्हणतात. पण दिवसातून चारदा मशेरी लावणाऱ्या बाईबद्दल ‘दात घासते’ एवढेच म्हटले जाते, आणि तीही स्वतःबद्दल तेच म्हणते.

डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर या बायका प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगतात, कारण त्या तंबाखू खात नाहीत, मशेरी लावतात. त्यामुळे केसपेपरवर काहीच लागत नाही. माझ्या ओळखीच्या एका गर्भवती मुलीच्या बाबतीत नेमके असेच घडले. आरोग्यसेविकेने मशेरीचे नाव घेऊन विचारले तेव्हाच तिने सांगितले.

सोडायची म्हटले की पहिली तक्रार अशी येते की सकाळी पोट साफ होत नाही, आणि दुसरी अशी की डोके चढते. या दोन तक्रारींवर काही व्यवहार्य उपाय असेल तर दंतवैद्यांनी कृपया लिहावा. नुसते ‘वाईट आहे, सोडा’ हे ऐकून त्यांचे कान किटले आहेत.

दापोलीचा दंतवैद्य :

ताई, तुमचा मुद्दा अगदी योग्य आहे, आणि मी स्वतः ‘मशेरी लावता का, दिवसातून किती वेळा’ असाच प्रश्न विचारतो. दात घासण्याच्या पेस्ट आणि पावडरमध्ये तंबाखू घालण्यावर आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे, परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूपर्यंत तो नियम पोहोचत नाही. भाजल्याने तंबाखू निर्धोक होत नाही. तिच्यातील निकोटीनही राहते आणि कर्करोग घडवणारी द्रव्येही राहतात. गरोदरपणात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या स्त्रियांची बाळे कमी वजनाची जन्मण्याची शक्यता वाढते, हेही भारतातील अभ्यासांतून दिसून आले आहे.

तुम्ही सांगितलेल्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते, त्यामुळे ते बंद झाल्यावर काही दिवस बद्धकोष्ठ होतो. डोके दुखणे, चिडचिड, झोप न लागणे हेही निकोटीन सुटण्याचेच परिणाम असून ते पहिल्या आठवड्यात सर्वाधिक जाणवतात आणि पुढच्या काही आठवड्यांत ओसरतात. त्या काळात सकाळी कोमट पाणी, भरपूर भाजी, आणि गरज वाटल्यास डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक, एवढ्यावर बहुतेकांचे निभावते. निकोटीनचे च्युइंगमही मिळते, मात्र गर्भवतींनी ते डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घेऊ नये. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठीचा राष्ट्रीय निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. मी रुग्णांना आधी रात्रीची वेळ सोडायला सांगतो, कारण रात्री लाळ कमी असते आणि मशेरीचा चुरा गालाच्या आतल्या बाजूला तासन्‌तास चिकटून राहतो.

आता रोजच्या घासण्याविषयी. ब्रश मऊ केसांचा असावा. तो हिरडी आणि दात यांच्या सांध्यावर तिरका धरून हलक्या हाताने, थोड्या थोड्या दातांवर फिरवावा. आडवे आणि जोरात घासल्याने दाताच्या मानेशी खाचा पडतात आणि थंड पाणी लागू लागते. सकाळी आणि रात्री झोपण्यापूर्वी, प्रत्येक वेळी दोन मिनिटे. यातली रात्रीची वेळ चुकवू नये. पेस्ट घेताना वेष्टनावर फ्लोराइड, म्हणजे दाताचे कवच किडीपासून राखणारे द्रव्य, लिहिले आहे का ते पाहावे; वनौषधींच्या नावावर विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण लगेच खळखळून चुळा भरू नयेत, कारण त्या पाण्याबरोबर फ्लोराइडही वाहून जाते. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटाण्याएवढी पेस्ट पुरते.

मुलांबद्दल आणखी एक. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे एक नवी दाढ येते. दुधाचा कोणताही दात न पडता ती येत असल्यामुळे पालक तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून देतात. ती कायमची दाढ आहे, तिच्या जागी दुसरी येत नाही.

हिरड्यांतून रक्त येते म्हणून त्या भागात घासणे थांबवणारे रुग्ण मला नेहमी भेटतात. तिथे थर साचला म्हणूनच रक्त येते, तेव्हा तो भाग हलक्या हाताने अधिक नीट स्वच्छ करायला हवा. आणि यंत्राने कीटण काढल्याने दात ढिले होतात, हा समज तर गावागणिक ऐकायला मिळतो. दात आधीच सैल झालेला असतो, कीटणाने तो शेजाऱ्याला जखडलेला असतो. ते निघाल्यावर खरी स्थिती कळते आणि दोष मात्र यंत्राला मिळतो.

हेदवीचे अण्णा :

आमच्या आजोबांनी आयुष्यभर राखुंडी वापरली, कधी बकुळीची काडी चावली, आणि त्यांचे दात शेवटपर्यंत शाबूत होते. तेल तोंडात धरून खळखळण्याची चाल तर आपल्या आयुर्वेदाने फार पूर्वीच सांगितली आहे. मग ही पेस्ट, हा ब्रश आणि हे फ्लोराइड आपल्या माथी कशासाठी मारले जात आहे? बाजारपेठेचा यात काहीच हात नाही, असे डॉक्टरांना म्हणायचे आहे काय?

दापोलीचा दंतवैद्य :

अण्णा, बाजारपेठेचा हात आहेच. दुकानातल्या दहा प्रकारच्या पेस्टपैकी नऊ नसत्या तरी कोणाचे काही बिघडले नसते. पण आजोबांच्या दातांचे श्रेय राखुंडीपेक्षा त्यांच्या आहाराला अधिक द्यावे लागेल. त्यांच्या काळात साखर सणासुदीची होती, बिस्किटे घरात नव्हती आणि चहा दिवसातून पाच वेळा होत नव्हता. राख कवच खरवडते, म्हणून दात पांढरे दिसतात. पुढे आतला पिवळसर भाग उघडा पडतो. काडी चावायला माझी हरकत नाही, तिचा कुंचला नीट झाला तर पुढचे दात चांगले निघतात, मात्र मागच्या दाढांच्या आतल्या बाजूला ती पोहोचत नाही आणि कीड बहुधा तिथेच लागते. तेलाच्या गुळण्यांनी थर थोडा कमी होतो असे काही लहान अभ्यास सांगतात. त्या ब्रशच्या जोडीला कराव्यात, त्याच्याऐवजी करू नयेत.

श्रीवर्धनचा बागायतदार :

सुपारीला मशेरीच्या पंक्तीत बसवलेले पाहून थोडे वाईट वाटले. आमच्या रोठा सुपारीला नाव आहे, वाड्या तिच्यावर उभ्या आहेत, ‘निसर्ग’ चक्रीवादळात त्या झोपल्या तेव्हा काय अवस्था झाली होती हे इथल्या लोकांना सांगायला नको. गुटख्यात तंबाखू आणि रसायने असतात, म्हणून तो वाईट हे मान्य. नुसत्या सुपारीने काय होते?

दापोलीचा दंतवैद्य :

तुमची अडचण समजते आणि उत्तर देणे मला सुखाचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली सुपारीला, तंबाखू नसतानाही, माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. सुपारीतील अरेकोलीन आणि इतर द्रव्यांमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल ताठर होतो आणि तोंड उघडेनासे होते. तिखट घास झोंबू लागणे हे त्याचे पहिले लक्षण असते. आपलीच तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दाखवून घ्यावे. पूजेतल्या सुपारीने कोणाचे काही बिघडत नाही. कातरलेली सुपारी दिवसभर गालात ठेवणाऱ्यांविषयी मी बोलतो आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी विशीतील मुलांची आवळलेली तोंडे मला आजही पाहावी लागतात. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, किंवा एखादी जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ती दुखत नसली तरी थांबू नये.

आगळवाली, कुडाळ :

आमचा घरगुती कोकम आगळाचा (कोकमाच्या आंबट अर्काचा) व्यवसाय आहे आणि चव पाहण्यासाठी हंगामात मला दिवसभर आंबट तोंडात घ्यावे लागते. अलीकडे दात शिवशिवतात. धागाकर्तीने साखरेच्या आम्लाविषयी लिहिले आहे, पण कोकम तर स्वतःच आम्ल आहे. चव घेतल्यावर मी लगेच दात घासते, ते योग्य आहे ना?

तांबडी पायवाट, गुहागर :

ताई, लगेच घासू नका. आम्लाने कवचाचा वरचा थर काही काळ मऊ पडतो आणि त्याच वेळी ब्रश फिरवला तर तो थर घासला जातो. साध्या पाण्याने चूळ भरावी आणि निदान अर्धा तास जाऊ द्यावा. जेवणाबरोबरची सोलकढी एका बैठकीत संपते, तिची चिंता नको. सरबताचा पेला तासभर घोट घोट पीत बसणे दातांना अधिक महागात पडते. चव पाहण्याचे काम दिवसातल्या एकाच वेळी उरकता आले तर उत्तम. शिवशिवणे कायम राहिले तर मात्र दंतवैद्यांना दाखवा.

मुंबईकर, मूळ गाव देवगड :

गावी वडील अंथरुणाला खिळलेले आहेत, कवळी वापरतात आणि त्यांना दोनदा न्यूमोनिया झाला. दिवसा सांभाळायला येणाऱ्या मावशी मनापासून करतात, पण तोंडाच्या स्वच्छतेविषयी त्यांना कोणी काही सांगितलेले नाही. याचा न्यूमोनियाशी संबंध असू शकतो का?

दापोलीचा दंतवैद्य :

असू शकतो, आणि या धाग्यातील सर्वांत कमी खर्चाचा उपाय इथेच आहे. झोपेत किंवा गिळताना ठसका लागला की तोंडातील जिवाणू लाळेबरोबर फुप्फुसांत उतरतात. जपानमधील वृद्धाश्रमांत झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले; ज्या वृद्धांचे तोंड काळजीवाहकांनी प्रत्येक जेवणानंतर स्वच्छ केले, त्यांच्यात न्यूमोनियाचे प्रमाण इतरांपेक्षा कमी राहिले.

मावशींना असे सांगा. रात्री कवळी काढून साबणाच्या पाण्याने ब्रशने घासावी आणि स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावी. उकळत्या पाण्यात टाकू नये, तिचा आकार बिघडतो. कवळी रात्रभर तोंडात राहिली तर टाळूवर बुरशी धरते. हिरड्या, जीभ आणि गालाची आतली बाजू ओल्या गॉजने किंवा मऊ ब्रशने दिवसातून दोनदा पुसावी. हे करताना वडिलांचे डोके उंचावलेले आणि एका कुशीला वळवलेले असावे, म्हणजे पाणी घशात जाणार नाही. काही दात शिल्लक असतील तर त्यांनाही पेस्ट लावावी, अगदी थोडी. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशक औषधाच्या चुळा आपल्या मनाने महिनोन्‌महिने सुरू ठेवू नयेत, त्यांनी दात आणि जीभ काळवंडतात आणि चव जाते.

मुंबईकर, मूळ गाव देवगड :

मनःपूर्वक आभार. आणखी एक शंका. त्यांचा एक दात हलतो आहे आणि तो काढायचा आहे. परंतु ते रक्त पातळ होण्याची गोळी घेतात. शेजारच्यांनी सांगितले की ती आठवडाभर बंद करावी.

दापोलीचा दंतवैद्य :

शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून गोळी बंद करू नका. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असताना एखादा दात सहसा सुरक्षितपणे काढता येतो. रक्त थोडे अधिक वेळ येते, ते दाब देऊन आणि टाका घालून थांबवता येते. गोळी अचानक बंद केल्याने हृदयात किंवा मेंदूत गुठळी होण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी गंभीर आहे. वॉरफरीनसारखी गोळी असेल तर आधी रक्ताची आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) करून घ्यावी लागते. हृदयाची झडप बदललेली असेल, किंवा पूर्वी हृदयाच्या आतल्या आवरणाला संसर्ग होऊन गेला असेल, तर तेही दात काढण्यापूर्वीच सांगा, कारण दात काढताना तोंडातील जिवाणू रक्तात जातात आणि अशा रुग्णांना आधी प्रतिजैविकाची मात्रा द्यावी लागते. सर्व गोळ्यांची पाकिटे आणि हृदयरोगतज्ज्ञांची शेवटची चिठ्ठी बरोबर घेऊन या. तोपर्यंत जबड्याखाली सूज आली, ताप चढला किंवा गिळायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्याच्या वेळेची वाट न पाहता त्यांना थेट रुग्णालयात न्या. ती सूज मानेत उतरून श्वास अडवू शकते.